पोटाला मार, लिव्हरला इजा: सीटी कसा काढावा, कसा वाचावा आणि त्यावरून काय ठरवावं

सातारा-कराड पट्ट्यात रेडिओलॉजी करायची म्हणजे ट्रॉमाला पर्याय नाही. पुणे-बेंगळुरू हायवे दाराशी आहे, आणि कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू झाले की रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. बाईकवाला मागून आदळतो, हँडल पोटात बसतं. ट्रॅक्टर उलटतो, कोणी आंब्यावरून पडतो, कोणाला बैल शिंग न लावता नुसता डोक्यानं भिंतीवर दाबतो. बाहेरून कातडीवर खरचटल्याची एक खूण, आणि आत लिव्हर फाटलेलं.

हे लिहितेय ते कॅज्युअल्टीत नव्यानं लागलेल्या डॉक्टरांसाठी, सर्जरीच्या रेसिडेंट्ससाठी आणि ज्यांनी नुकतंच रिपोर्टिंग सुरू केलंय त्यांच्यासाठी. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. रात्री दोन वाजता सर्जन फोनवर ‘ग्रेड किती?’, म्हणजे इजा कितव्या दर्जाची, असं विचारतो, पण त्याला खरं हवं असतं ते वेगळंच: आत्ता वाहतंय का, कुठून वाहतंय, रक्त कुठं जमतंय आणि फाटलेल्या जागेच्या शेजारी काय आहे. या चार प्रश्नांची उत्तरं आली की ग्रेड आपोआप येतो. उलट्या बाजूनं जाल तर ग्रेड हाती येईल आणि पेशंट हातचा जाईल.

आधी पेशंट, मग मशीन

वरचं बीपी ९० च्या खाली, नाडी १२० च्या वर, सलाईन आणि रक्त देऊनही सुधारणा नाही, आणि सोनोग्राफीत, म्हणजे फास्टमध्ये, पोटात रक्त दिसतंय. अशा पेशंटला सीटीकडे आणू नका. त्याची जागा ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. तालुक्याच्या गावातल्या सीटीच्या खोलीत काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे: सक्शन असतं पण चालू नसतं, ऑक्सिजनचा सिलिंडर कोपऱ्यात असतो आणि त्याची चावी सापडत नाही.

अवघड असतो तो मधला पेशंट. कॅज्युअल्टीच्या कागदावर बीपी ११०, म्हणून ‘स्टेबल’ लिहिलेलं असतं. मग विचारायचं: १०८ मधून उतरवला तेव्हा किती होतं? तोवर किती सलाईन गेलंय? दोन लिटर चढवून आलेलं ११० आणि काहीच न देता असलेलं ११० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय तरुण माणूस शरीरातलं साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत बीपी धरून ठेवतो. नाडी आधी बोलते, बीपी उशिरा. सलाईननं वर आला आणि पुन्हा घसरायला लागला असा पेशंट सीटीला आणायचाच असेल तर सोबत सर्जन किंवा भूलतज्ज्ञ हवा, दोन लाईन चालू हव्यात, रक्ताची पिशवी मागवलेली हवी.

आणि फास्ट निगेटिव्ह आली म्हणून लिव्हर सुटलं असं समजू नका. फास्टला मोकळं रक्त दिसतं. लिव्हरच्या आतला हिमॅटोमा, म्हणजे साचलेलं रक्त, तिला बऱ्याचदा दिसत नाही. लिव्हरच्या मागच्या बाजूला, डायफ्रामला चिकटलेल्या भागावर पेरिटोनियमचं आवरण नसतं, त्याला बेअर एरिया म्हणतात. तिथं फाटलं तर रक्त पोटात न येता मागे, उजव्या ॲड्रिनल ग्रंथीच्या आणि आयव्हीसीच्या, म्हणजे पोटातल्या मोठ्या शिरेच्या, भोवती जमतं. मॉरिसन पाऊच, म्हणजे लिव्हर आणि उजव्या किडनीमधली जागा, कोरडा ठणठणीत, आणि हिमोग्लोबिन मात्र उतरतंय.

सुई, हात आणि वेळ

चांगला स्कॅन कॅज्युअल्टीतच बिघडतो, कारण तिथं हाताच्या पाठीवर निळं व्हेनफ्लॉन लावलेलं असतं. निळ्यातून सेकंदाला ४ मिलिलिटरचा फ्लो मागू नका. कोपरावरच्या शिरेत हिरवं, म्हणजे १८ गेज, लावून पाठवा. अगदीच नाही मिळालं तर गुलाबी चालेल. कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये पांढरं दिसणारं औषध, मोठ्या माणसाला साधारण १०० मिलिलिटर, वजनाप्रमाणे किलोला १.५ ते २, आणि वेग ३ ते ४. तोंडातून कॉन्ट्रास्ट द्यायचा नाही. त्यात वेळ जातो, उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाते, आणि मिळत काहीच नाही. क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठीही थांबायचं नाही.

दोन्ही हात डोक्यावर घ्या. हात अंगालगत राहिले की त्यांच्या हाडांच्या काळ्या रेघा लिव्हरवरून आडव्या जातात आणि नेमक्या लॅसरेशनसारख्या, म्हणजे फाटल्याच्या चिरेसारख्या, दिसतात. हात मोडला असेल आणि वर जात नसेल तर तो पोटावर उशी ठेवून तिच्यावर ठेवा, बाजूला नको. ईसीजीच्या वायरी पोटावरून काढा. पेल्विक बाइंडर मात्र राहू द्या.

फेज दोन हव्यातच. आर्टेरियल, म्हणजे कॉन्ट्रास्ट धमन्यांत असताना काढलेली, साधारण २५ ते ३५ सेकंदांना, आणि पोर्टल, म्हणजे तो लिव्हरच्या पोर्टल शिरेत पोचल्यावरची, साधारण ७० सेकंदांना. पण हे सेकंद तब्येतीत असलेल्या माणसाचे आहेत. शॉकमधल्या पेशंटचं हृदय कॉन्ट्रास्ट सावकाश पुढं ढकलतं, म्हणून ठरावीक सेकंद मोजण्यापेक्षा बोलस ट्रॅकिंग लावा: ॲओर्टावर, म्हणजे मुख्य धमनीवर, गोल ठेवायचा, १५० एचयू (सीटीवर घनता मोजायचं एकक) ओलांडले की स्कॅन सुटतो. तिसरी, उशिराची फेज पाच ते दहा मिनिटांनी, आणि तीही पहिल्या दोन्हींत काही संशयास्पद दिसलं तरच. त्यासाठी पोर्टल फेज संपल्या संपल्या पेशंट टेबलवर असतानाच कन्सोलवर पाहायचं. खाली उतरवल्यावर सुचून उपयोग नाही. लहान मुलांना रेडिएशन कमीत कमी, त्यामुळं बहुतेक वेळा एकटी पोर्टल फेज पुरते.

आपल्याकडं पैसे आणि वेळ वाचवायला ‘फक्त एक फेज करा’ असा आग्रह होतो. लिव्हर फाटलंय एवढं कळायला पोर्टल फेज पुरते हे खरं. पण वाहणारी जागा धमनीची आहे की शिरेची हे एका फेजमध्ये कळत नाही, आणि उपचार नेमका तिथंच फुटतो. मोठ्या माणसात मी हा आग्रह मान्य करत नाही.

वाचताना

फिल्मवर वाचू नका. फिल्मवर ५ मिलिमीटरच्या निवडक चकत्या असतात. मॉनिटरवर १ ते १.२५ मिलिमीटरच्या पातळ चकत्या उघडा, कोरोनल आणि सॅजिटल काढा. पोटाची नेहमीची विंडो, म्हणजे करड्या छटांची मर्यादा, लिव्हरसाठी रुंद पडते. विडथ १५० आणि लेव्हल १०० च्या आसपास आणा, म्हणजे फटी उठून दिसतात.

मी आधी लिव्हर बघतच नाही, आयव्हीसी बघते. ती ओळीनं दोन-तीन पातळ्यांवर चपटी, पट्टीसारखी दिसली तर पेशंटच्या अंगात रक्त कमी आहे, मॉनिटरवर बीपी काहीही असो. आयव्हीसी फुगलेली आणि पोर्टल शाखांच्या दोन्ही बाजूंनी काळे पट्टे दिसले तर सलाईन भरपूर गेलंय. ते पट्टे बऱ्याचदा लिम्फचे असतात. प्रत्येक पेरिपोर्टल काळेपणाला इजा म्हणू नका, पण एकाच बाजूला, लॅसरेशनला लागून असेल तर म्हणा.

मग रक्त. पोटातल्या द्रवावर गोल ठेवून एचयू मोजायचे. ० ते २० म्हणजे पाणी, पित्त किंवा लघवी. ३० ते ४५ म्हणजे न गोठलेलं रक्त. ४५ ते ७० म्हणजे गुठळी, आणि सगळ्यांत दाट गुठळी जिथं, तिथंच शेजारी फाटलेलं असतं. लिव्हरमध्ये छोटीशी चीर आणि सगळ्यांत दाट गुठळी मात्र मेसेंटरीत, म्हणजे आतड्याच्या पडद्यात, असेल, तर खरा गुन्हेगार आतडं आहे. लिव्हर सापडलं म्हणून शोध थांबवायचा नाही. आपल्याकडच्या ॲनिमिक बायकांत रक्ताचे आकडे ३० च्या खालीही येतात, तेव्हा २५ वाचून ‘जलोदर’ लिहू नका.

आता लिव्हर. उजव्या लोबचे सेगमेंट, विशेषतः मागचे ६ आणि ७, तसंच ८, जास्त वेळा फाटतात, म्हणून तिथून सुरुवात करा. लॅसरेशन म्हणजे पोर्टल फेजमध्ये दिसणारी काळी, वेडीवाकडी, कधी फाटे फुटलेली रेघ. तिची खोली कॅप्सूलपासून, म्हणजे लिव्हरच्या आवरणापासून, आत मोजायची. सबकॅप्सुलर, म्हणजे कॅप्सूलखालचा, हिमॅटोमा भिंगाच्या आकाराचा असतो आणि लिव्हरचा काठ आत दाबतो. लिव्हरच्या भोवतीचं मोकळं रक्त काठ दाबत नाही. दोघांत गोंधळ झाला की ग्रेड बदलतो.

फसवणाऱ्या जागाही ठरलेल्या आहेत. फाल्सिफॉर्म लिगामेंटजवळची चरबी, लिगामेंटम व्हेनोसमची फट, डायफ्रामच्या आत आलेल्या घड्या, बरगड्यांच्या सावल्या. यांना सरळ कडा असतात, नेहमीच्या जागा असतात, आणि शेजारी रक्त नसतं. आर्टेरियल फेजमध्ये लिव्हरमध्ये कॉन्ट्रास्ट अजून पुरेसा भरलेला नसतो, तिथं लॅसरेशन शोधायला जाऊ नका. सगळ्यांत त्रास देतं फॅटी लिव्हर. चरबीनं सगळं लिव्हरच काळं पडलेलं असतं, त्यात काळी चीर मिसळून जाते. अशा वेळी विंडो अजून अरुंद करा आणि कॅप्सूलजवळच्या गुठळीचा माग काढत आत जा.

यानंतर ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ते, कॉन्ट्रास्ट बाहेर पडतोय का. याला आम्ही ब्लश म्हणतो. जवळून बघू. आर्टेरियल फेजमध्ये लॅसरेशनच्या आत एक पांढरा ठिपका, ६ मिलिमीटरचा, एचयू ॲओर्टाच्या जवळपास. पोर्टल फेजमध्ये तोच ठिपका बघायचा. तीन शक्यता. पहिली: तो मोठा झालाय, आकार बदललाय, कडा पसरल्यात. म्हणजे धमनीतून रक्त वाहतंय, आत्ता. दुसरी: आकार तसाच गोल आणि गुळगुळीत, आणि ॲओर्टा फिकी पडली तसा तोही फिका पडला. म्हणजे सूडोॲन्युरिझम, धमनीच्या फाटलेल्या जागी आलेला फुगा. रक्त सध्या अडलंय, पण भिंत तकलादू आहे. तिसरी: आर्टेरियलमध्ये काहीच नव्हतं आणि पोर्टलमध्ये उगवलं. तेव्हा पोर्टल किंवा हिपॅटिक व्हेनचा संशय घ्या. मोडलेल्या बरगडीचा कपचाही पांढरा दिसतो, पण तो सगळ्या फेजमध्ये जसाच्या तसा राहतो आणि हाडाच्या विंडोत टणक दिसतो.

वाहणारं रक्त लिव्हरच्या आतच राहतंय की कॅप्सूल ओलांडून पोटात सांडतंय, हे वेगळं लिहा. आत राहणाऱ्याला थोडी उसंत असते. पोटात सांडणाऱ्याला नसते.

शेवटी शेजार. लॅसरेशन पोर्टा हिपॅटिसपर्यंत, म्हणजे रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका जिथं लिव्हरला जोडतात तिथपर्यंत, गेलंय का? गेलं असेल तर पित्तनलिका धोक्यात. हिपॅटिक व्हेन किंवा आयव्हीसीपर्यंत गेलंय का? तिथं शिरेची कड अनियमित, मागे रक्त साचलेलं, असं दिसलं तर ते ठळक अक्षरांत लिहा. उजवीकडे बरगड्या, फुफ्फुस, किडनी आणि ॲड्रिनल. डाव्या लोबला मार असेल तर पॅन्क्रिया आणि ड्युओडेनम दोनदा बघा. हँडल तिथंच बसलेलं असतं.

ग्रेडची वेळ आता

एएएसटीची, म्हणजे अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जन्सच्या संघटनेची, २०१८ ची सुधारित पद्धत वापरा. जुन्या पुस्तकांत १९९४ ची आहे, तिच्यात रक्तवाहिनीच्या इजेला आजच्यासारखं वजन नव्हतं. ग्रेड १: १ सेंटीमीटरहून उथळ चीर किंवा पृष्ठभागाच्या १० टक्क्यांहून कमी सबकॅप्सुलर हिमॅटोमा. ग्रेड २: १ ते ३ सेंटीमीटर खोल आणि लांबी १० पर्यंत, सबकॅप्सुलर १० ते ५० टक्के, आतला हिमॅटोमा १० सेंटीमीटरपेक्षा कमी. ग्रेड ३: त्याहून खोल, त्याहून मोठं किंवा फुटलेला हिमॅटोमा, आणि सूडोॲन्युरिझम असेल किंवा रक्त लिव्हरच्या आत वाहत असेल तर चीर कितीही लहान असो, ग्रेड ३. ग्रेड ४: एका लोबचा २५ ते ७५ टक्के भाग उद्ध्वस्त किंवा रक्त लिव्हरबाहेर पोटात वाहतंय. ग्रेड ५: ७५ टक्क्यांच्या वर किंवा रेट्रोहिपॅटिक आयव्हीसी, मोठ्या हिपॅटिक व्हेन फाटलेल्या. जुना ग्रेड ६ काढून टाकलाय. एकाहून जास्त इजा असतील तर एक ग्रेड वर, पण ३ पर्यंतच.

फोनवर काय सांगायचं

लेखी रिपोर्टला वेळ लागतो. फोन आधी. मी साधारण असं बोलते: “सर, उजवा लोब, सेगमेंट ७, चार सेंटीमीटर खोल लॅसरेशन. ब्लश आहे, धमनीचा, पोर्टलला वाढतोय, पण लिव्हरच्या आतच. हिपॅटिक व्हेनपासून लांब आहे, पोर्टापासूनही. पोर्टल व्हेन चालू आहे. रक्त पेल्विसपर्यंत, आयव्हीसी चपटी. आतडं, पॅन्क्रिया, किडनी ठीक. उजव्या ८, ९, १० बरगड्या मोडल्यात. ग्रेड ३.” ग्रेड शेवटी, एका शब्दात.

यातलं ‘पोर्टल व्हेन चालू आहे’ हे वाक्य फालतू नाही. लिव्हरला येणारं जवळपास तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनचं असतं, म्हणून तर हिपॅटिक आर्टरीची शाखा बंद करूनही लिव्हर तगतं. त्याच भागाची पोर्टल शाखाही गेली असेल तर एम्बोलायझेशननंतर, म्हणजे कॅथेटरमधून धमनी बंद केल्यावर, तो तुकडा मरतो. तसंच उजवी हिपॅटिक आर्टरी कधी कधी सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरीतून निघते. हे आधी कळवलं तर कॅथेटर टाकणाऱ्याची बरीच शोधाशोध वाचते.

त्यावरून उपचार

पेशंट स्टेबल, ब्लश नाही: ग्रेड कोणताही असो, ऑपरेशन न करता सांभाळायचा प्रयत्न करता येतो, आणि लिव्हरच्या बोथट इजांपैकी बहुतेक पेशंट असेच बरे होतात. पण ‘ऑपरेशन नाही’ म्हणजे ‘काही नाही’ नव्हे. मॉनिटर, ठरावीक तासांनी हिमोग्लोबिन, पुन्हा पुन्हा पोट तपासणारा एकच सर्जन, रात्रीही उघडणारं थिएटर आणि हाताशी रक्त, हे सगळं पाहिजे. मोठ्या ग्रेडला यातलं काही नसेल तर तिथं ठेवू नका.

पेशंट स्टेबल, धमनीचा ब्लश आहे: अँजिओग्राफी आणि एम्बोलायझेशन. जिल्ह्याच्या ठिकाणीही ही सोय सगळीकडं नाही. आमच्याकडून पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. म्हणून पाठवायचा निर्णय ब्लश दिसल्या क्षणी व्हावा, बीपी पडल्यावर नाही. लहान मुलांत थोडा संयम ठेवा. मूल स्टेबल असेल तर केवळ ब्लश दिसला म्हणून एम्बोलायझेशन करावंच लागतं असं नाही.

ब्लश शिरेचा वाटतोय: धमनी बंद करून शीर थांबत नाही. पेशंट स्थिर असेल तर सर्जनच्या डोळ्यांखाली वाट बघता येते, बिघडला तर थिएटर.

पेशंट अनस्टेबल: पोट उघडून पॅकिंग, म्हणजे लिव्हरभोवती कापडाच्या घड्या दाबून बसवणं. सर्जन लिव्हरला जाणारा रक्ताचा देठ दाबून धरतात, ग्लासगोच्या प्रिंगलनं १९०८ साली मांडलेली ही युक्ती. देठ दाबूनही रक्त येतच राहिलं तर ते हिपॅटिक व्हेन किंवा आयव्हीसीचं. सीटी आधीच झालेला असेल आणि तुम्ही ‘आयव्हीसीच्या मागे रक्त साचलेलं, पण थांबलेलं’ असं लिहिलं असेल, तर सर्जन लिव्हर उचलून तिथं हात घालायच्या आधी चार वेळा विचार करतो. तो थांबलेला हिमॅटोमा उघडला की टेबलावरच खेळ संपू शकतो.

पेशंट पुढं पाठवताना फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवून मोकळे होऊ नका. फिल्मवर बऱ्याचदा पोर्टल फेजच छापलेली असते, आणि ब्लश आर्टेरियलमध्ये. सगळ्या फेजची डायकॉम, म्हणजे मूळ डिजिटल प्रतिमांची, सीडी पेशंटच्या गादीखाली नको, नातेवाइकाच्या हातात द्या. नाहीतर पुढच्या हॉस्पिटलात स्कॅन पुन्हा होतो.

नंतरचे दिवस

ग्रेड १-२, पेशंट ठणठणीत: पुन्हा सीटी नको. नातेवाईक मागतात, ‘बरं झालंय का बघून घ्या’ म्हणतात. त्यांना समजवा की पोट, नाडी आणि हिमोग्लोबिन यांवरून ते कळतं. मोठ्या ग्रेडला, सूडोॲन्युरिझम सांभाळत असाल तर, किंवा ताप, दुखणं वाढणं, कावीळ, हिमोग्लोबिन उतरणं यांपैकी काही असेल तर पुन्हा स्कॅन जरूर करा, आणि त्यातही आर्टेरियल फेज विसरू नका.

त्या स्कॅनमध्ये लॅसरेशनच्या जागी ० ते २० एचयूचा वाढता साठा दिसला तर पित्त समजा. सुईनं काढून खात्री होते, आणि गळती चालूच असेल तर ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाणं, करून स्टेंट टाकावा लागतो. एम्बोलायझेशननंतर दोन-तीन दिवसांत लिव्हरमध्ये हवेचे बुडबुडे दिसले तर लगेच गळू म्हणू नका. मेलेल्या भागातही हवा दिसते. ताप, पांढऱ्या पेशी आणि साठ्याची भिंत बघून ठरवा. पित्ताशयाची भिंत तेवढी नीट बघा, कारण त्याला पोर्टलचा आधार नसतो. सिस्टिक आर्टरी बंद झाली तर ते सडतं.

घरी सोडताना किरकोळ इजेला महिनाभर तरी, मोठ्या इजेला तीन-चार महिने, कबड्डी, कुस्ती, मोळी उचलणं आणि खड्ड्यांतून बाईक बंद. नेमका काळ सर्जन ठरवतील. पण डिस्चार्ज कार्डावर एक ओळ मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असू द्या: संडास काळी झाली, रक्ताची उलटी झाली, डोळे पिवळे झाले किंवा उजवीकडे कळ आली तर थेट मोठ्या दवाखान्यात या. सूडोॲन्युरिझम पित्तनलिकेत फुटला की असं होतं, कधी मार लागून दोन-तीन आठवडे उलटल्यावरही. घरचे तोवर अपघात विसरलेले असतात, गावातला डॉक्टर ॲसिडिटीची गोळी देतो. असा पेशंट आला, तर काळ्या संडासचं कारण शोधताना एंडोस्कोपीच्या आधी अपघाताची तारीख विचारा, आणि पेशंट स्टेबल असेल तर सरळ सीटी अँजिओग्राफीला पाठवा.